उणकलचे गोठे

हुबळीहून धारवाडकडे जाणारा रस्ता आम्हा कर्नाटकस्थ मराठी मंडळींच्या फार जिव्हाळ्याचा आहे. जेमतेम वीस किलोमीटरांचे हे अंतर. पण एका टोकाला आगगाडीची, कापसाची आणि व्यापाराची हुबळी, तर दुसऱ्या टोकाला विद्येचे, गाण्याचे आणि पेढ्यांचे धारवाड. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख मुंबई राज्यात मोडत होता. कचेरीत, शाळेत आणि नाटकगृहात मराठी सहज कानी पडत असे. कन्नडचे वरकवी द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी होती, आणि आमच्या जी. ए. कुलकर्ण्यांनी आपल्या अध्यापनाची बहुतेक वर्षे याच धारवाडात घालविली, हे वाचकांस ठाऊक आहेच. १९६२ साली दोन्ही शहरांची मिळून एक महानगरपालिका झाली. आता तर रस्त्याच्या मधोमध राखलेल्या मार्गावरून 'चिगरी' नावाच्या वातानुकूलित बसगाड्या धावतात. चिगरी म्हणजे हरिण. या हरिणाच्या वेगाने जाणाऱ्या प्रवाशाचे वाटेतल्या एका जुन्या गावाकडे सहसा लक्ष जात नाही. ते गाव म्हणजे उणकल.

हुबळी मागे टाकून तीन-चार किलोमीटर आले की डाव्या-उजव्या हातांच्या इमारतींतून एकाएकी मोकळे आकाश दिसते आणि त्याखाली पाण्याचा विस्तीर्ण पट उलगडतो. हेच उणकलचे तळे. तळ्याच्या मध्यभागी स्वामी विवेकानंदांचा पुतळा उभा आहे. काठावर बाग आहे, संध्याकाळी मुलाबाळांची गर्दी असते. एके काळी हुबळीकरांच्या पिण्याच्या पाण्याचा हा आधार होता. आज शहराचे सांडपाणी आणि जलपर्णी यांच्याशी त्याची झुंज चालू आहे. गावात आत शिरले की चंद्रमौळीश्वराचे चालुक्यकालीन देवालय लागते. चारी दिशांना चार द्वारे आणि आत चतुर्मुख लिंग अशी त्याची दुर्मीळ रचना आहे. कोणत्याही दिशेने वारा यावा आणि कोणत्याही दिशेने निघून जावा, असे ते मोकळे मंदिर पाहून मन प्रसन्न होते. परंतु या खेपेस आमच्या भेटीचे प्रयोजन देवदर्शन नव्हते. देवळामागच्या जुन्या वस्तीत अजूनही ज्यांच्या दावणीला गुरे बांधलेली आहेत, त्यांचे गोठे पाहावयास आम्ही गेलो होतो.

कोणी विचारील, गोठ्यात पाहण्यासारखे ते काय? प्रश्न रास्त आहे. आपल्या घरोघरी दुधाविषयी एकच तक्रार ऐकू येते : "हल्ली दूध पातळ येते, गवळी पाणी घालतो." पाणी घालणे ही लबाडी आहे आणि तिचा निषेध झालाच पाहिजे, पण दुधाची सारी दुःखे त्या पाण्यात बुडालेली नाहीत. २०१८ साली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने देशभरातल्या अकराशेहून अधिक शहरांतून दुधाचे ६,४३२ नमुने गोळा करून तपासले. त्यांपैकी आरोग्याला अपायकारक अशी भेसळ आढळली ती अवघ्या १२ नमुन्यांत. उलट, बुरशीच्या विषाचा अंश मर्यादेपलीकडे निघाला ३६८ नमुन्यांत, आणि प्रतिजैविक औषधांचा अंश ७७ नमुन्यांत. हे विष किंवा हे औषध कोणी किटलीत ओतीत नाही. ते जनावराच्या पोटातून आणि कासेतून येते. म्हणजे ज्या दोषाचा आपण किटलीत शोध घेतो, त्याचे मूळ पुष्कळदा गोठ्यात असते. हे आकडे वाचनात आले, तेव्हा ते मूळ एकदा डोळ्यांनी पाहावे असे आमच्या मनाने घेतले. सोबतीला आमचे एक स्नेही होते. त्यांचे सारे आयुष्य याच जिल्ह्यात पशुवैद्यकीत गेले असून, निवृत्त झाल्यावरही वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक गाईचे खूर निरखण्याची त्यांची सवय सुटलेली नाही.

पहिला गोठा एका गवळणीचा होता. चार म्हशी, एक गावठी गाय आणि दोन पारडी एवढा त्यांचा संसार. गोठा जुनाच, पण कौलारू आणि उंच. दोन्ही अंगांनी भिंत कमरेइतकी, वर मोकळे. जमीन शहाबादी फरशीची, पण टाकीने टोचून खरबरीत केलेली, आणि मागच्या नालीकडे हलका उतार. सकाळचे साडेपाच वाजले होते. आत शिरताना नाकाला शेणाचा वास आला, पण डोळ्यांना झोंबणारा तो उग्र दर्प आला नाही. आमचे स्नेही म्हणाले, "गोठ्याची पहिली परीक्षा नाकाने करावी. मुताचा वास डोळ्यांत पाणी आणू लागला, तर समजावे की त्या हवेत जनावराचे फुप्फुसही रडते आहे."

मावशींनी कास कोमट पाण्याने धुतली, स्वच्छ फडक्याने पुसली, पारडू दोन घोट पिऊ दिले, आणि मग चरवी गुडघ्यांत धरून त्या धारेला बसल्या. पहिल्या दोन-चार धारा त्यांनी वेगळ्या वाटीत काढून निरखल्या, बाजूला ओतल्या आणि मगच चरवी पुढे केली. कोणी बोलत नव्हते. शेजारच्या घरातील रेडिओ मोठा झाला, तशी त्यांनी मान वळवून केवळ नजरेनेच तो बंद करविला. धार संपल्यावर आम्ही या शांततेचे कारण विचारले. मावशी हसून म्हणाल्या, "मास्तर, म्हस भ्याली की पान्हा चोरतीया. मग वरनं ओढून काय उपयोग?"

मावशींच्या या एका वाक्यात शरीरशास्त्राचा एक धडा सामावलेला आहे. कासेला हात लागला, वासराचा वास आला किंवा चरवीचा ओळखीचा आवाज झाला, की जनावराच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचा स्राव रक्तात उतरतो, आणि तो कासेतील सूक्ष्म पिशव्या आवळून दूध खाली लोटतो. हाच पान्हा. त्याचा जोर पाच ते सात मिनिटे टिकतो. धार तेवढ्यात उरकली पाहिजे. भीती, मारहाण किंवा परका गलका झाला की उलट जातीचा स्राव सुटतो आणि पान्हा आखडतो. आत राहिलेले दूध पुढच्या वेळचे दूध कमी करते, शिवाय रोगजंतूंना आयते अन्न पुरविते. पूर्वी कलकत्त्याकडे 'फुंका' नावाचा अघोरी प्रकार करून बळाने पान्हा सोडवीत. त्याची हकिकत कानी आल्यावर गांधीजींच्या मनात दुधाविषयी विरक्ती आली, हे त्यांच्या आत्मचरित्राच्या वाचकांस आठवेल. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने फुंका आणि दूध वाढविण्यासाठी टोचावयाची अपायकारक इंजेक्शने हे दोन्ही गुन्हे ठरविले आहेत. प्रेमाने पाच मिनिटांत मिळणारी गोष्ट क्रौर्याने मिळविण्याचा हव्यास माणसालाच सुचावा, याचे वैषम्य वाटते.

आमच्या स्नेह्यांनी मग आमचे लक्ष जमिनीकडे वेधले. धार संपल्यावर मावशींनी म्हशींपुढे लगेच वैरण टाकली होती. भूक हे त्याचे कारण होतेच, पण त्यामागे एक शहाणपणही होते. धारेनंतर सडाचे तोंड अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ उघडे राहते. तेवढ्यात जनावर शेणात बसले, तर जंतूंना आत जाण्यास राजमार्ग मिळतो. पुढे वैरण असली की ते उभे राहते आणि तोवर दार मिटते. एकदा ते मिटले की मात्र जनावराने निवांत बसले पाहिजे. दुभती गाय दिवसाचे बारा तास किंवा त्याहून अधिक काळ बसून घालवू इच्छिते. बसलेल्या गाईच्या कासेकडे रक्ताचा प्रवाह अधिक जोराने वाहतो. एक लिटर दूध घडण्यासाठी सुमारे चारशे ते पाचशे लिटर रक्त कासेतून फिरावे लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे कोरड्या, मऊ बैठकीची किंमत कळते. निसरडी, ओली किंवा दगडासारखी कठीण जमीन असली की गाय उभीच राहते. तिचे खूर दुखतात, दुखऱ्या खुरांनी ती गव्हाणीकडे कमी जाते, कमी खाते आणि कमी देते. आपण मात्र तिच्या जातीला दोष देऊन मोकळे होतो.

जागेचे मापही शास्त्राने ठरवून दिले आहे. मोठ्या गाईला छपराखाली साडेतीन चौरस मीटर आणि मोकळ्या अंगणात सात. म्हशीला चार आणि आठ. उष्ण प्रदेशात गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे दुपारचे ऊन आत शिरत नाही. मावशींना हे मीटर कोणी शिकविले नव्हते. त्यांनी आपल्या भाषेत सांगितले, "मास्तर, म्हशीला जागा लागतंय वो, माणसासारखंच. रात्री कोरड्यात बसली तर सकाळी भांडं भरतंय."

"आणि पाणी?" आमच्या स्नेह्यांनी विचारले. मावशींनी दारातल्या दगडी कुंडाकडे बोट दाखविले आणि त्यांचा स्वर थोडा खाली आला. दुधात ८५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. लिटरभर दुधामागे जनावराला तीन-चार लिटर पाणी प्यावयास हवे. दिवसातून दोनदा बादली दाखविणाऱ्या घरापेक्षा रात्रंदिवस पाणी पुढे ठेवणाऱ्या घरी दूध अधिक मिळते, हे कोणताही पशुवैद्य सांगेल. म्हशीला तर पाणी अंगावरही हवे. तिची कातडी काळी, केस विरळ आणि घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने फार थोड्या. तेव्हा उन्हाळ्यात डुंबणे ही तिची चैन नव्हे, ती तिची गरज आहे. मावशींच्या सासऱ्यांच्या काळी उन्हे चढली की म्हशी आपल्या आपण तळ्याची वाट धरीत आणि दिवस कलल्यावर परत येत. आता मधे रस्ता आला, कुंपण आले, आणि तळ्यात सांडपाणी आले. "त्या पाण्यात म्हस घालायला आता धीर होत नाही," मावशी म्हणाल्या. त्या दुपारी नळीने म्हशींवर पाणी मारतात. पाणी रोज येत नाही त्या दिवसांत ओल्या गोणपाटावर भागते, आणि त्या दिवसांचे दूध मापात कमी भरते. एखादे तळे बिघडले की केवळ देखावा बिघडत नाही. चार घरे पलीकडच्या चरवीतली पातळीही खाली जाते, हे आम्हांला तेथे प्रथमच इतके स्पष्ट दिसले.

दुसरा गोठा वस्तीच्या कडेला होता. मालक पंचविशीतला पदवीधर तरुण. नोकरीच्या मागे न धावता त्याने कर्ज काढून सहा संकरित गाई घेतल्या, याचे आम्हांला शिक्षक या नात्याने कौतुक वाटले. गाईही देखण्या होत्या. पण पत्र्याचे छप्पर हाताला लागेल इतके ठेंगणे, तीन बाजूंना भिंती, आणि सिमेंटची गुळगुळीत जमीन. होल्स्टीनचे रक्त असलेल्या गाईला २५ अंशांपलीकडची उष्णता सोसवेनाशी होते. हुबळी समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर असली, तरी एप्रिलच्या दुपारी तापलेल्या पत्र्याखाली ती उंची काय कामाची? सकाळी नऊच्या सुमारासच दोन गाई तोंड उघडून धापा टाकीत होत्या. अशा वेळी गाय खाणे कमी करते, कारण रवंथ आणि पचन यांतूनही उष्णता निर्माण होते. मग दूध उतरते आणि त्यातले स्निग्धांशही घटतात.

एका गाईचा मागचा एक सड सुकलेला होता. "दगडी झाली होती, काका," तो तरुण म्हणाला. कासदाहाला आपल्याकडे दगडी म्हणतात, कारण कास दगडासारखी कठीण होते. आमच्या स्नेह्यांनी पिशवीतून चार वाट्यांची एक काळी तबकडी काढली. चारही सडांचे थोडे थोडे दूध वेगवेगळ्या वाटीत घेतले आणि त्यात जांभळट द्रव मिसळून तबकडी हलविली. ही परीक्षा १९५७ साली कॅलिफोर्नियात निघाली. दूध निरोगी असले तर मिश्रण पातळच राहते. कासेत छुपा दाह असेल तर ते अंड्याच्या बलकासारखे दाटते. दिसावयास धडधाकट अशा दुसऱ्याच एका गाईच्या दोन वाट्या आमच्या देखत दाटल्या. त्या तरुणाचा चेहरा उतरला.

छुप्या दाहाचे दुष्टपण असे की, डोळ्यांना काहीच दिसत नाही. कास सुजत नाही, दूध फुटत नाही. परंतु निरोगी गाईच्या दुधात दर मिलिलिटरला साधारणतः एक लाखापर्यंत असणाऱ्या पेशी दोन लाखांच्या पुढे गेल्या, की आत युद्ध पेटले आहे असे समजावे. त्या युद्धात दूध घडविणाऱ्या पेशी मरतात. दह्याला आणि खव्याला घट्टपणा देणारे केसिन कमी होते, मीठ वाढते, आणि दुधाची चव किंचित खारट लागू लागते. आपल्या घरी "दही नीट लागत नाही" म्हणून विरजणाला दोष दिला जातो. त्या दह्याचे बिघडणे कधी कधी दहा किलोमीटरांवरच्या ओल्या गोठ्यात सुरू झालेले असते.

स्नेह्यांनी मग एक साधा प्रश्न विचारला, "सुई टोचून घेतोस, त्या दिवसांचे दूध कुठे घालतोस?"

तो तरुण काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, खोटं बोलत नाही. पाच दिवसांचं दूध ओतून दिलं, तर महिन्याचा हप्ता कुठनं भरू?"

त्या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो. हिशेब करून पाहू. गाय दिवसाला आठ लिटर देते असे धरले, तर औषधाचे तीन दिवस आणि वेष्टनावर सांगितलेले पुढचे दोन दिवस मिळून चाळीस लिटर दूध झाले. लिटरला पस्तीस रुपये धरले तरी चौदाशे रुपये. ते नालीत ओतावेत, ही आपली अपेक्षा न्याय्य आहे. कारण औषधाचा तो अंश उकळल्याने बहुतांशी जात नाही, आणि लहान मुलाच्या पोटात रोज थोडा थोडा गेला, तर उद्या खऱ्या आजारात तेच औषध निकामी ठरण्याचा धोका वाढतो. पण तो चौदाशेचा भार एकट्या त्या तरुणाने का सोसावा? त्याच्या दुधाला भाव मिळतो तो स्निग्धांशावर आणि घनांशावर. निरोगी कासेच्या दुधाला वेगळा पैसा त्याच्या हाती पडत नाही. ज्या गुणाची आपण किंमत मोजत नाही, तो गुण आपल्याला फुकट मिळावा अशी आपली इच्छा असते. आमच्या स्नेह्यांनी त्याला रागे भरले नाही. ते म्हणाले, "अरे बाळ, ओतायचं दूध कमी व्हावं असा गोठा कर. छप्पर चार फूट उचल, मागची भिंत पाड, खाली रबरी चटया टाक नाहीतर जमीन खरबरीत करून घे. धारेनंतर सड औषधात बुडव. कोरड्या दिवसांत उपचार कर. औषधापेक्षा हे स्वस्त पडेल." गाय विण्यापूर्वीचे साठ दिवस तिला आटवून विसावा द्यावयाचा असतो. त्याच काळात कासेचे जुने दुखणे बरे करण्याची उत्तम संधी मिळते, हेही त्यांनी समजावून सांगितले. तो तरुण वहीत लिहून घेत होता. पुढच्या महिन्यात भिंत पाडतो, असे तो म्हणाला.

निघताना स्नेह्यांनी कोपऱ्यातील वैरणीच्या गंजीत हात घातला. तळाचा कडबा ओलसर आणि काळपट लागला. पेंडीच्या पोत्यालाही भिंतीची ओल आली होती. सर्वेक्षणातले ते ३६८ नमुने येथे येऊन मिळतात. ओल्या पेंडीवर, मक्यावर आणि भुईमुगावर जी बुरशी धरते, तिचे विष गाईच्या पोटातून दुधात उतरते, आणि तेही उकळून नाहीसे होत नाही. त्यावर उपाय एवढाच की, पोते भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळीवर ठेवावे आणि बुरशीची पेंड मोह न धरता खड्ड्यात टाकावी.

येथे आम्हांस मुंबईची आठवण झाली. शहरातील कोंदट तबेल्यांत म्हशी कोंडावयाच्या, दूध आटले की कसायाकडे धाडावयाच्या आणि गावाकडून नवी म्हैस आणावयाची, असा तेथील धंद्याचा रिवाज होता. तो मोडण्यासाठी दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ साली गोरेगावनजीक आरे येथे दूध वसाहत उभी राहिली. म्हशींना हवा, पाणी आणि जागा मिळाली, तर शहराला बरे दूध मिळेल, हा तो विचार होता. १९६३ साली खुरोडी, वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार लाभला. पुढे पुण्याजवळ उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली 'बाएफ' ही संस्था काढून संकरित गाई गरिबाच्या दारी नेल्या. तिचे काम आमच्या धारवाड जिल्ह्यातही कलघटगी तालुक्यात पोहोचले आहे. सारांश, जात सुधारणे आणि जागा सुधारणे ही एकाच गाड्याची दोन चाके आहेत. आपण जातीचे चाक मोठे केले आणि जागेचे लहान ठेवले, म्हणून गाडा एकीकडे कलतो आहे. २०२२ साली लंपी त्वचारोगाने या भागातील गाईगुरांत जो कहर केला, त्यातही डास, माश्या आणि गोचिडे यांनी भरलेल्या गोठ्यांचे मोल अनेकांना कळून चुकले.

आमच्या व्यवसायाचा संबंध येतो म्हणून एक गोष्ट सांगतो. १ ऑगस्ट २०१३ पासून कर्नाटकातील सरकारी शाळांत 'क्षीरभाग्य' योजना सुरू झाली. १८ ग्रॅम भुकटीपासून केलेले १५० मिलिलिटर दूध मुलांच्या पेल्यात पडू लागले. ज्या मुलांच्या घरी दूध केवळ चहापुरते येते, त्यांना पेला दोन्ही हातांनी धरून पिताना आम्ही पाहिले आहे. ते दूध जिल्ह्याजिल्ह्यांतल्या हजारो लहान गोठ्यांतून थेंबाथेंबाने गोळा होते. सहकारी संघ ते थंड करतात, तापवून निर्जंतुक करतात. परंतु यंत्र जंतू मारते, बुरशीचे विष वेगळे काढीत नाही आणि हरवलेले केसिन परत आणीत नाही. धार काढल्याबरोबर कोमट दुधात जंतू अर्ध्या-पाऊण तासाला दुप्पट होत जातात. ते लवकर ४ अंशांपर्यंत थंड केले तर वाढ थबकते. म्हणून अस्वच्छ चरवीतले दूध कितीही लवकर डेअरीत पोहोचविले, तरी त्याची सुरुवातच अर्धी हरलेली असते.

परतीच्या वाटेवर मावशींनी आम्हांला पुन्हा हाक मारली आणि चहा पाजला. बोलण्यात त्यांच्या धाकट्या मुलाचा विषय निघाला. तो म्हणतो, म्हशी विकून टाकू. गोठ्याच्या जागेवर दोन खोल्या बांधल्या तर महिन्याला भाडे येईल. मुलाचे म्हणणे चूक आहे असे कोण म्हणेल? आणि तरीही त्या चार म्हशींबरोबर पुष्कळ काही जाईल. सह्याद्रीच्या डोंगरांतून पिढ्यान्‌पिढ्या खाली सरकत आलेले धनगर-गवळी हल्याळ, यल्लापूर, कलघटगी भागांत आजही मराठी बोलतात. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी रंगवून, कवड्या-मोरपिसांनी सजवून पळविण्याचा सोहळा कोल्हापूर-बेळगावाप्रमाणे हुबळी-धारवाडातही होतो. या लोकांनी जपलेली, लांब कोयत्यासारख्या शिंगांची काळी 'धारवाडी' म्हैस ही स्वतंत्र जात असल्याचे धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या प्रयत्नांनी २०२१ साली राष्ट्रीय पातळीवर मान्य झाले. थोड्या चाऱ्यावर तगणारी, उन्हातान्हात टिकणारी आणि घट्ट दूध देणारी ही म्हैस. धारवाडी पेढ्याची कीर्ती ज्या ठाकूर कुटुंबामुळे झाली, ते उत्तर भारतातील उन्नावहून आलेले. पण कृती बाहेरची असली, तरी दूध येथल्याच म्हशीचे. आज त्या पेढ्याला भौगोलिक निर्देशांकाचा मान आहे. पेढ्याला मान द्यावा आणि म्हशीला बसावयास चार चौरस मीटर जागा नसावी, हा विपर्यास नव्हे काय? तळे स्वच्छ ठेवणे, वस्तीजवळच्या गोठ्यांना पाणी व नाली पुरविणे आणि शहर वाढताना गवळ्यांसाठी जागा राखणे, हा दयेचा विषय नसून नगररचनेचा विषय आहे.

आणि आपण काय करावे? रतीब लावण्यापूर्वी एकदा गवळ्याच्या गोठ्यात जाऊन यावे. नाकाने हवा घ्यावी, जनावराच्या मांड्या शेणाने माखलेल्या आहेत की स्वच्छ, ते पाहावे, पाण्याचे कुंड भरलेले आहे का ते पाहावे. औषध चालू असल्याचे जो प्रामाणिकपणे सांगेल आणि त्या दिवसांचे दूध घालणार नाही, त्याचा रतीब तोडू नये. उलट, त्या महिन्याच्या पैशांत कात्री लावू नये. स्वच्छ दुधाला लिटरमागे दोन-चार रुपये अधिक द्यावे लागले, तर कुरकुर करू नये. गाय व्यायली की खरवसाची वाटी मागण्याआधी वासराचे पोट भरले का, हे विचारावे. कारण आईच्या पोटात असताना वासराला तिच्या रक्तातील रोगप्रतिकारक शक्ती मिळत नाही, ती त्याला पहिल्या काही तासांतल्या चिकातूनच मिळते. उद्याची दुभती गाय त्या चिकाच्या घोटावर घडत असते.

'दुभत्या गाईच्या लाथा गोड' अशी आपल्या भाषेत म्हण आहे. दुधासाठी आपण लाथाही सोसू, असा तिचा अर्थ. पण उणकलमध्ये आम्हांला जे दिसले, त्यावरून वाटते की, सोसण्याची पाळी आता गाईवर आणि तिच्या धन्यावर आली आहे. पाडव्याच्या आधी वसुबारसेला आपल्या घरच्या बायका सवत्स धेनूची पूजा करतात. शहरांत गाय मिळत नाही म्हणून हल्ली चित्राची किंवा मातीच्या मूर्तीची पूजा होते. येत्या वसुबारसेला हुबळी-धारवाडच्या आमच्या भगिनींनी ताट घेऊन उणकलच्या जुन्या वस्तीत जावे. तेथे खरी गाय आहे, तिचे वासरू आहे, आणि मावशींच्या म्हशीही अजून दावणीला आहेत. जाताना ओवाळणीबरोबर कोरड्या कडब्याच्या चार पेंढ्या नेल्या, तर देवीला आणि जनावराला दोघांनाही त्या पोहोचतील.